कोसळण्याची वाट कशाला पाहायची?
'पार बिघडलेलं सरकार आतून सुधारत नाही, ते कोसळावंच लागतं' हे लेखातलं मत मला पटलं नाही. एकोणिसाव्या शतकातली अमेरिका आठवा. निवडणूक जिंकली की टपाल खात्यापासून जकात खात्यापर्यंत आपल्या पक्षाची माणसं चिकटवायची आणि त्यांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी वसूल करायची, हा तिथला राजरोस रिवाज होता. १८८१ मध्ये सरकारी पद न मिळालेल्या एकाने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा देश हादरला. १८८३ च्या पेंडलटन कायद्याने परीक्षा घेऊन भरती सुरू केली. त्यावर सही करणारे, गारफील्ड यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर स्वतः त्याच वशिलेबाजीतून वर आलेले होते! सुरुवातीला जेमतेम दहा टक्के पदं या कायद्याखाली आली, बाकीची बहुतेक पुढच्या काही दशकांत. वेळ लागला, पण झालं. न्यूझीलंडने तर १९९३ मध्ये सार्वमत घेऊन निवडणुकीची पद्धतच बदलली.

सगळं कोसळू द्या म्हणणाऱ्यांना माझा कळकळीचा प्रश्न आहे: मधल्या काळात ज्यांचं पेन्शन थांबेल, ज्यांचे खटले कोर्टात पडून राहतील, ज्यांना सरकारी दवाखान्याशिवाय दुसरा आधार नाही, त्यांनी काय करायचं?