करवती म्हणून विकली, बिलावर मात्र 'फॅन्सी साडी'

सहा हजार आठशे रुपये मोजले मी त्या साडीचे. पण पैशाचं नंतर बोलू, आईने ती साडी हातात घेतल्यावर तिचं तोंड जे झालं ते अजून डोळ्यासमोरून जात नाहीये.

आईला ऑगस्टमध्ये पंच्याहत्तर पूर्ण झाले. आईचं माहेर आंधळगाव, भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडीजवळचं. आजोबा कोष्टी, घरात खड्डा माग होता, आईचं सगळं लहानपण मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेलं. म्हणून माझ्या डोक्यात पक्कं होतं की यावेळी तिला तिच्या गावची खरी करवती, म्हणजे हातमागावर विणलेली टसर रेशमाची साडी, घ्यायची. आणि नेमकं तेव्हाच ७ ऑगस्टच्या हातमाग दिवसाच्या नावाने नागपुरात बर्डीवर एक प्रदर्शन लागलं. पेपरात मोठी जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ, "मोहाडी-आंधळगावच्या मागावरून थेट तुमच्या हाती, अस्सल टसर करवती, डायरेक्ट विणकराकडून", आणि बाजूला मागावर बसलेल्या एका म्हाताऱ्या विणकराचा फोटो. आईच्या गावाचं नाव छापलेलं बघितलं आणि मी गेले, घेतली, पॅक करून आणली.

आईने साडी उलगडली आणि पदर वगैरे काही बघितलाच नाही, सरळ काठ उलटा केला आणि अंगठ्याचं नख त्याच्यावरून फिरवलं. करवती साडीच्या काठाला सुताराच्या करवतीसारखे दात असतात, त्यावरूनच तर नाव. खरी असेल तर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन्ही काठांना एकेक आणि अंगाला एक, आणि जिथे काठाचं सूत आणि अंगाचं टसर भेटतं तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवत अडकवत विणावं लागतं, प्रत्येक ओळीला. त्यामुळे ते दात उलट्या बाजूनेपण तसेच साफ दिसतात. या साडीच्या मागे काय होतं, तर सगळे धागे लोंबत होते, वरून कातरलेले, हाताला टोचणारे. आई एवढंच म्हणाली, "हे आपल्याकडचं नाही वं. राहू दे, नेसते मी." माझं मन राखायला म्हणाली ती! आणि मी तिथे उभी, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग मी पदराच्या टोकाचा एक धागा काढला आणि काडी लावली. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते. हा धागा वितळला. काळा टणक मणी झाला आणि प्लास्टिकचा वास घरभर. म्हणजे टसर पण नाही, हातमाग पण नाही, आंधळगाव तर नाहीच नाही, पॉलिस्टर आहे पॉलिस्टर.

दुसऱ्या दिवशी गेले परत. काउंटरवरचा माणूस काय म्हणतो, "मॅडम डिझाईन तो करवती का ही है ना." मी म्हटलं जाहिरातीत डिझाईन लिहिलं होतं की अस्सल टसर लिहिलं होतं? तर म्हणे बिल बघा. बिल बघितलं, बिलावर लिहिलंय 'फॅन्सी साडी, नग १'. बस. ना करवती, ना टसर, ना हातमाग. म्हणजे पेपरात आंधळगाव छापायचं, बोर्डावर लावायचं, सेल्समनने तोंडाने दहा वेळा सांगायचं आणि ज्या एका कागदावर पकडल्या जाऊ शकते तिथे गुपचूप फॅन्सी लिहायचं. हे चुकून होत नाही, हे ठरवून केलेलं आहे. पैसे परत नाही म्हणे, हवी तर दुसरी घ्या. दुसरी कोणती घेऊ, सगळा ढीग तोच!

टॅगवर पण बघा, मागाचं सुंदर चित्र, 'हँडक्राफ्टेड हेरिटेज' असलं काहीतरी, पण खऱ्या हातमागाची खूण असलेला हँडलूम मार्क नाही आणि खऱ्या रेशमाचा सिल्क मार्क नाही. हँडलूम मार्क २००६ पासून आहे, सिल्क मार्क त्याच्याही आधीपासून. खरा माल असेल तर तो लावायला काय जड आहे? मी घेतानाच बघायला पाहिजे होतं हे कोणीतरी म्हणेलच, हो, पाहिजे होतं, पण म्हणून खोटं बोलणारा सुटतो का?

आणि तो फोटो. माझ्या भाचीने तोच फोटो शोधून काढला, तोच म्हातारा विणकर, तोच चष्मा, तोच माग, दुसऱ्या एका शहरातल्या बनारसी सेलच्या जाहिरातीत. त्या बिचाऱ्या माणसाला माहीत तरी असेल का आपल्या तोंडावर कोण काय विकतंय?

एक गोष्ट स्पष्ट सांगते, सुरतच्या पॉवरलूमच्या साड्यांशी माझं काही वाकडं नाही. मी रोज ऑफिसला त्याच नेसते, धुवायला सोप्या, स्वस्त, रंग टिकतो. हजार-बाराशेला पॉलिस्टर म्हणून विका, मी आनंदाने घेईन. पण आमच्या गावाचं नाव चोरू नका ना. करवतीला जीआय, म्हणजे त्या-त्या भागाच्या मालाच्या नावाची सरकारी नोंद, आहे, पैठणीला आहे, म्हणजे ते नाव असं कोणीही कशालाही लावायचं नाही. १९९९ च्या जीआय कायद्यात खोटं नाव लावून माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे, पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हातमागाचे ठराविक प्रकार पॉवरलूमवर विणायचे नाहीत म्हणून १९८५ चा वेगळा कायदा आहे. फसव्या जाहिरातीला ग्राहक कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. इतकं सगळं आहे तरी भर बर्डीवर, दिवसाढवळ्या, बॅनर लावून चालू आहे!

आणि यात मरतं कोण? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात ऐनाच्या न् अर्जुनाच्या झाडावर टसरचे किडे राखत बसणारी ढिवर समाजाची माणसं, पाखरांपासून वाचवत, तेव्हा कोष हातात येतो. मग धागा काढणं, ताणा लावणं, आणि मग ते तीन धोटे. एका साडीला दिवसच्या दिवस जातात. तो विणकर त्याची किंमत सांगतो तेव्हा आपण म्हणतो, इतकी महाग? बर्डीवर तर सहा-सात हजारात मिळते! आणि खऱ्याला खोटं ठरवून निघून येतो. आजोबांनंतर आमच्या घरातला माग बंद पडला तो असाच, मामाने नागपूरला येऊन नोकरी धरली. ज्या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल उभी राहिली, जिथे तांडापेठ-पाचपावलीत घराघरातून मागाचा आवाज यायचा, त्या शहरात आम्हाला कापड ओळखता येत नाही असं समजतात का हे लोक? माझ्या आईने नखाने ओळखलं, पाच सेकंद लागले नाहीत तिला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल, टॅग, जाहिरातीचा फोटो, काठाच्या उलट्या बाजूचा फोटो, जळलेल्या धाग्याचा फोटो, सगळं जपून ठेवलंय, आणि ग्राहक आयोगात जावं लागलं तर जाणार, सहा हजारासाठी कशाला इतकं असं नवरा म्हणतो, म्हणू दे. आईने पंच्याहत्तरीला तिची लग्नातली जुनी करवती नेसली, आजोबांनी विणलेली, घडीवर विरलेली, काठ अजून जसाच्या तसा.

काल परत व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आहे, दिवाळी सेल, तेच प्रदर्शन. फोटो तोच आहे, म्हातारा विणकर तोच. फक्त यावेळी खाली गावाचं नाव पैठण लिहिलंय.