‘अ’ अजून संपला नाही, म्हणून दुकान बंद करायचं?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर दर चार-सहा महिन्यांनी नव्यानं उगवतो. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच. शेवटी हात जोडलेली चित्रं आणि ‘प्रत्येक करदात्यापर्यंत पोहोचवा’ अशी विनंती. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. विद्यापीठांतल्या संशोधनावर आपल्या कोट्यवधी रुपयांचा चुराडा होतो. विषयांची नावं ऐकूनच हसू येतं. इतिहास, पुरातत्त्व, मानवशास्त्र, संस्कृत यांनी कुणाचं पोट भरत नाही. पुण्यात एक संस्कृत कोश पाऊणशे वर्षं चालू आहे आणि अजून ‘अ’ अक्षरही संपलेलं नाही. कामाचं संशोधन कंपन्या करतातच. उरलेले प्रबंध म्हणजे कॉपी-पेस्ट. सबब फक्त विज्ञान-तंत्रज्ञान ठेवा, बाकीची खाती बंद करा.

मी प्राध्यापक नाही, पीएचडीही नाही, त्यामुळे यात माझं पोट अडकलेलं नाही. पण गेल्या आठवड्यात हाच मजकूर एका शहाण्यासुरत्या शेजाऱ्यांनी ‘विचार करण्यासारखं’ अशी पुस्ती जोडून पाठवला. म्हटलं, करूया विचार.

पैशापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात लवकर निपटतं. ‘कोट्यवधी’ हा शब्द मजकुरात वारंवार येतो, आकडा एकदाही येत नाही. आकडा सरकारच छापतं. २०२०-२१ या वर्षात देशात संशोधन आणि विकासावर सगळा मिळून सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च झाला. देशाच्या सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के. चीन २.४ टक्क्यांच्या आसपास आहे, दक्षिण कोरिया साडेचारच्याही वर. आपल्या या ०.६४ मध्ये संरक्षण, अवकाश, अणुऊर्जा, शेती, खासगी कारखाने सगळे आले. उच्च शिक्षण संस्थांचा वाटा ८.८ टक्के. गुणाकार करा, साधारण ११,२०० कोटी होतात. एकशेचाळीस कोटी माणसांत वाटले तर माणशी वर्षाला ८० रुपये. आमच्या चौकात तेवढ्यात चार वडापाव येतात, आणि या चार वडापावांत रसायन, भौतिक, वैद्यक, अभियांत्रिकी सगळे जेवतात. संस्कृत आणि पुरातत्त्वाच्या ताटात काय पडत असेल? वडापावातला चुरा. चुराडा म्हणतात तो हाच असावा.

आता हसण्याजोग्या विषयांकडे. समजा, मजकूर लिहिणाऱ्याच्या हाती १९६० सालची एक यादी पडली असती आणि त्यात ओळ असती, ‘हॅमस्टरच्या आतड्यातून साखर आत कशी जाते याचा अभ्यास’. उंदराच्या भाऊबंदाचं आतडं आणि त्यात साखर! दहा हास्यचिन्हं नक्की पडली असती. हा अभ्यास रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाचा. ग्लुकोज आतड्याच्या पेशीत एकटं शिरत नाही, सोडियमचा हात धरून शिरतं, हे त्यानं १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडलं. त्याच्या आदल्याच वर्षी कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषानंच आतड्यात पाणी भरतं, हे दाखवून दिलं होतं. तेव्हा त्यांच्याकडेही फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग १९७१ उजाडलं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला होता. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजत राहा म्हणून सांगितलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आलं. आज पोरगं जुलाबानं मलूल झालं की आपण साखर-मिठाचं पाणी पाजतो. त्या भांड्यातली साखर चवीसाठी नाही, मिठातल्या सोडियमला आणि त्याच्यामागून पाण्याला आत ओढून नेण्यासाठी आहे. हे कळायला हॅमस्टरचं आतडंच लागलं. हॅमस्टरवाला, सशावाला आणि छावणीतला डॉक्टर ही तीन शास्त्रांतली, तीन गावांतली माणसं. एकानंही दुसऱ्यासाठी म्हणून काम केलेलं नव्हतं.

‘ठीक आहे, हे विज्ञान झालं,’ शेजारी म्हणतील. ‘पण पुरातत्त्व? खापरं गोळा करून काय मिळतं?’ इथं मला जरा ऐसपैस बसायचं आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली ठळक नावं. सापडली ती शेतकऱ्यांची वस्ती, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७००. म्हणजे जवळपास नऊशे वर्षं नांदलेलं गाव. राजा नाही, सोनं नाही, शिलालेख नाही. घरांचे मातीचे तळ, चुली, बळदं, आणि घराच्याच जमिनीखाली कुंभात पुरलेली लहान मुलं.

आता ही वस्ती वाचायला कोण कोण लागलं ते पाहा. माती पाण्यात कालवून वर तरंगलेले जळके दाणे वेचायचे आणि ते कशाचे हे ओळखायचं, हे वनस्पतिशास्त्राचं काम. त्यातून कळलं की या लोकांचं मुख्य धान्य ज्वारी-बाजरी नव्हतं, सातू होतं. हाडं पाळीव गुराची की हरणाची हे प्राणिशास्त्र जाणणारा सांगणार. नदीनं किती गाळ कधी टाकला हे भूरूपशास्त्र. सांगाड्यांच्या दातांवरून खाणंपिणं आणि आजार वाचणारे मानवशास्त्रज्ञ वेगळे. इतक्या डोळ्यांनी बघितल्यावर एक कथा दिसू लागली. सुरुवातीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं होती, पुराचं पाणी अडवून वळवणारा बांध आणि पाट होता, धान्याचं कोठार होतं आणि त्याला लागून पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं. इसवी सनापूर्वी १०००च्या पुढे चित्र पालटतं. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात, शेती आखडते, जंगली प्राण्यांची हाडं वाढतात. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की हवामान कोरडं होत गेलं आणि शेतकरी अर्धे भटके झाले. हा अर्थ सगळ्यांनी जसाच्या तसा मान्य केला असं नाही, त्यावर वाद झाले आहेत आणि ते व्हायलाच हवेत.

शिरूरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे, किंवा १९७२ साली खडी फोडायला गेलेल्या आजीकडून ऐकला आहे, त्यांना या कथेत ‘उपयोग’ शोधावा लागेल असं मला वाटत नाही. त्याच मातीत तीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी पाट काढला होता आणि काही शतकांनी ते सगळं मोडलं, एवढं समजायला एक वनस्पतिशास्त्राचं खातं पुरलं नसतं आणि एकटं पुरातत्त्वही पुरलं नसतं. मजकुरातलं ‘फक्त विज्ञान ठेवा’ हे वाक्य इथं अडखळतं. दाणे ओळखणारा ठेवला आणि दाणे उकरणारा काढून टाकला, तर ओळखणार काय?

मानवशास्त्राचंही थोडं. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत, पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल विचारला गेला आणि त्यावर बराच गदारोळ झाला. दिव्यांवरून मला कोयना आठवते. अर्ध्या महाराष्ट्राचे दिवे ज्या धरणानं लावले, त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं पुढे कुठं गेली, त्यांना जमीन मिळाली का, नव्या जागी सोयरीक कशी जुळते, हे घरोघर जाऊन विचारणारी पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. वीज मोजायला मीटर होता. ही मोजदाद करायला मानवशास्त्रज्ञ लागला.

आता मजकुरातला सगळ्यात चविष्ट दावा, कोशाचा. यात खरं आहे ते आधी मान्य करतो. डेक्कन कॉलेजमधला संस्कृतचा महाकोश १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केला. पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं, तेव्हा प्रमुख संपादक होते डॉ. अ. मा. घाटगे. पस्तीसच्या आसपास खंड निघाले आणि गाडी अजून ‘अ’वरच आहे. ऐकायला गमतीचं वाटतं, मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

पण संस्कृत शाळेत शिकलेल्या कुणीही क्षणभर आठवून पाहावं, ‘अ’पासून काय काय सुरू होतं. अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग ‘अ’मध्ये. धातूला ते लागले की शब्दांची रांग लागते: अनुभव, अपमान, अभिमान, अवतार, अधिकार. त्यावर नकाराचा ‘अ’ आणि ‘अन्’. ज्या शब्दाचं नाही करायचं तो उचलून ‘अ’मध्ये आणून ठेवायचा. ‘अ’ला लागलेल्या वेळावरून सगळ्या कोशाचा हिशेब मांडणं, म्हणजे खंडाळ्याच्या घाटातल्या वेगावरून मुंबईला कधी पोहोचू ते सांगणं. पुढची बहुतेक अक्षरं इतकी जड नाहीत.

दुसरं, हा कोश अर्थांची यादी देत नाही, प्रत्येक शब्दाचं चरित्र देतो. ऋग्वेदापासून अलीकडच्या काळापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून सुमारे एक कोटी स्लिपा तयार झाल्या, त्या खणांतून भरून ठेवल्या आहेत. ‘असुर’ घ्या. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत वरुणासारख्या देवालाही असुर म्हटलेलं आहे, सामर्थ्यवान अशा अर्थानं. पुढे तोच शब्द राक्षसांच्या पंगतीत जाऊन बसला. हा प्रवास कधी, कोणत्या ग्रंथात, कसा झाला, हे पुराव्यासह मांडायचं तर वेद जाणणारा लागतो, पुराणं जाणणारा लागतो आणि वैद्यक, गणित, वास्तुशास्त्र, हस्तिविद्या यांचे ग्रंथ उघडून बसणाराही लागतो, कारण एकच शब्द वैद्याकडे एक अर्थ घेतो आणि गणितज्ञाकडे दुसरा. खरं तर अनेक विद्याशाखा एका टेबलाशी बसलेल्या बघायच्या असतील तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आणि उशिराचं म्हणाल तर या धंद्यात उशीर हाच रिवाज आहे. ग्रिम बंधूंनी जर्मन भाषेचा कोश १८३८ मध्ये हाती घेतला, तो १९६१ मध्ये पुरा झाला. मधल्या काळात जर्मनीची एकी झाली, दोन महायुद्धं झाली आणि देशाचे दोन तुकडेही झाले. शिकागो विद्यापीठानं प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडियन भाषेचा कोश १९२१ मध्ये सुरू केला आणि २०११ मध्ये संपवला. नव्वद वर्षं, आणि ती भाषा तर कुणाच्या मुंजीतही ऐकू येत नाही. आपल्याकडे तक्रार करायचीच तर ती या कामाला माणसं पुरेशी का दिली जात नाहीत, ही करावी.

‘कंपन्या करतील’ यावर फार लिहावंसं वाटत नाही. वरच्याच सरकारी आकड्यांत खासगी उद्योगांचा वाटा ३६.४ टक्के आहे. दक्षिण कोरियात तो तीन चतुर्थांशांच्या वर जातो. आपल्या कंपन्या स्वतःच्या वाट्याचंच पुरतं करत नाहीत, त्या इनामगावचे दाणे कुठून धुणार? शिवाय कंपनीच्या प्रयोगशाळेत बसणारी माणसं तयार कुठं झाली? मुंबई विद्यापीठानं १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचं खातं काढलं, माटुंग्याचं यूडीसीटी. आपल्या रंग, औषधं, कापड उद्योगांतल्या किती जणांची शाळा ती होती, हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

राहिला कॉपी-पेस्टचा मुद्दा. हा खोटा नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं आपल्याकडे ढिगानं झाली, कारण प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे असा नियम होता. नियम तिथं दुकान. पण हे उघडं कुणी पाडलं? पुणे विद्यापीठातल्याच भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं शिरलेल्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी एकेक करून तपासला आणि त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. २०१८ मध्ये हा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नियतकालिकं यादीतून उडवली, आणि निबंध छापण्याची ती सक्ती नोव्हेंबर २०२२च्या नियमांत काढून टाकली. चोर पकडला तो घरातल्याच माणसानं, मोजून आणि आपल्याच बिरादरीचा रोष पत्करून. मजकुरात याचा उल्लेख नाही.

मजकुरात आणखीही एक गोष्ट नाही: एकाही फालतू प्रबंधाचं नाव. देशभरातले लाखो प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेले आहेत, मराठीतले, इतिहासातले, सगळे. शेजाऱ्यांना मी ग्रुपवर एवढंच लिहिलं आहे की त्यातला तुम्हाला सगळ्यात निरुपयोगी वाटणारा एक निवडा, पानाच्या आकड्यासकट पाठवा. मी वाचून उत्तर देतो. दोन निळ्या खुणा कालच आल्या आहेत.