सांडपाण्यातलं निकेल धरणाऱ्या गोळ्यांना एक स्टार देणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब. ‘पैसे पाण्यात गेले, गोळ्या भरलेल्या कॉलममधून बाहेर येणाऱ्या पाण्यात निकेल आत जाणाऱ्यापेक्षा जास्त निघालं, कोळंबीची टरफलं विकून फसवता,’ असं तुम्ही लिहिलंत. निकेलचं खरं आहे. लॅबचा रिपोर्ट पाहून मी परवा तुमच्या भोसरीच्या शेडवर येऊनही गेलो.

चूक आमची आहे. आमच्या माणसाने नमुना सकाळी घेतला. तेव्हा पिकलिंग, म्हणजे मुलाम्याआधी धातू आम्लात बुडवून साफ करणं, बंद होतं, पाणी फक्त निकेलच्या मुलाम्यानंतरच्या धुण्याचं, पीएच ६ च्या आसपास. दुपारी पिकलिंगचं आम्लाचं पाणीही त्याच खड्ड्यात उतरतं का, हे आम्ही विचारलंच नाही. परवा तीन वाजता मी पट्टी बुडवली, तर पीएच २!

गोळ्यांतल्या कायटोसानच्या अमाइन गटांना, म्हणजे त्याच्या रेणूतल्या नायट्रोजनच्या जागांना, निकेल चिकटतं. एवढ्या आम्लात ती जागा हायड्रोजन घेतो आणि धरलेलं निकेल सुटतं. गोळ्या पुन्हा वापरायच्या असतात तेव्हा आम्ही स्वतः पातळ आम्लानेच त्या धुतो. तुमच्याकडे रोज दुपारी कॉलम नकळत धुतला जात होता. सकाळी हिरवट झालेल्या गोळ्या तीन वाजता पुन्हा पांढुरक्या दिसल्या, त्या यामुळेच.

टरफलांचं म्हणणं मात्र मान्य नाही. हो, कायटोसान कोळंबीच्या टरफलांपासूनच बनतं. पण नुसतं वापरलं तर गोळ्या कॉलममध्ये दबतात, आम्लात विरघळतात. म्हणून त्यात बेंटोनाइट माती मिसळून कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधून घेतो. तुमच्या गोळ्या मी चिमटीत दाबून पाहिल्या, एकही फुटली नाही. इतकं आम्ल सोसूनही!

आता पिकलिंगची लाइन वेगळी करून देतो आणि कॉलमआधी पीएच मीटर बसवतो. दोन्हीचा खर्च आमचा. कॉलममध्ये जाणारं पाणी ५ ते ६ पीएचवरच ठेवा. चुना टाकून ८ च्या वर नेलंत, तर निकेलचा गाळ बसून कॉलम तुंबेल. त्यानंतर आठवडाभर दुपारचे नमुने लॅबला देऊ. निकेल लिटरला ३ मिलिग्रॅम या मर्यादेखाली आलं नाही, तर सगळे पैसे परत.

तोवर दुपारचं पाणी टाकीत साठवा, नाल्यात सोडू नका, ही हात जोडून विनंती. आपले नाले शेवटी पवना-इंद्रायणीलाच मिळतात आणि आळंदीला याच इंद्रायणीत वारकरी उतरतात.

बुधवारी फिटर घेऊन येतो. त्या दिवशी पिकलिंग बंद ठेवू नका, नमुना त्याच पाण्याचा हवा आहे.