हातोडा घेतला की झाला इंजिनिअर!

परत तेच! घराची तोडफोड-दुरुस्ती स्वतःच करायला निघालेल्यांचं ठरलेलं वाक्य: "भिंत काय, एका दुपारी पाडतो. परवानगी कशाला? कंत्राटदार नुसते लुटतात." अरे बाबा, रंग लाव, बिजागऱ्या बदल, कोण अडवतंय? पण ती भिंत वरच्या स्लॅबचा भार पेलतेय का, हे हातोडा सांगणार नाही.

वायरिंगचा तर कहरच. दिव्यांच्या 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरवर गीझर आणि एसी जोडायचा, 10 ॲम्पिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतो म्हणून 32 चा बसवायचा, आणि वर मिरवायचं की प्रॉब्लेम सुटला! एमसीबी वायर वाचवायला असतो रे, तुझी सोय बघायला नाही. आता ती वायर भिंतीच्या आत तापत राहणार आणि ट्रिप काही होणार नाही. अर्थिंगचं नाव काढलं की "इतकी वर्षं काही झालं नाही."

परवानगीची रखडपट्टी वैतागवाणी असते, मान्य. कंत्राटदारही सगळे धुतल्या तांदळाचे नसतात. म्हणून बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर 24 तास पाणी साठवून गळतं का ते बघायचंही नाही? लगेच टाइल्स! खालच्यांच्या छताला ओल आली की मग लायसन्सवाल्याची शोधाशोध. आणि तो आधी सगळं उखडायला लागला, की त्याच्याच नावानं बोंब.