‘येरवड्याला भरती करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय : ‘मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही असलेल्यांना घरी ठेवू नका. येरवड्याला भरती करा, कायमची सोय होते. आधी व्यसन सुटल्याशिवाय इलाज लागू पडत नाही. असे लोक गोळ्याही घेत नाहीत, आणि शेजाऱ्यांना धोका असतो.’

धनकवडीत माझा धाकटा भाऊ आमच्याजवळच राहतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, डायबेटिस आहे, बिडी आहे, मध्ये काही वर्षं दारूही होती. म्हणून लिहितेय.

‘कायमची सोय’ कायद्यातच बसत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे नातेवाइकाच्या अर्जावरून झालेली भरती आधी फक्त ३० दिवसांची. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी. कलम १९ तर स्पष्ट सांगतं की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणासाठी कुणाला तिथे ठेवून घेता येणार नाही. हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम), आधार देणारी निवासव्यवस्था, घरी येऊन पुनर्वसन हे सगळं सरकारने पुरवावं, असं त्याच कायद्यात लिहिलंय. मागायचं असेल तर हे मागा.

‘आधी व्यसन सोडवा.’ हे वाक्य मी प्रत्यक्ष ऐकलंय. मानसोपचाराच्या ओपीडीत म्हणाले, दारू सोडवून आणा. व्यसनमुक्तीवाले म्हणाले, याला आवाज ऐकू येतात, आधी तिकडे दाखवा. शुगरचे डॉक्टर तिसरीकडेच. साडीच्या दुकानाच्या पिशवीत तीन फायली घालून मी फिरत होते.

तो क्लोझापिनवर, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या एका औषधावर आहे. बिडीच्या धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं, त्यामुळे बिडी बंद झाली की तोच डोस जड जातो. रुग्णालयात बिडी बंद होती, तर हा दिवसभर गुंगीत, उशी लाळेने ओली. तिथे डोस कमी केला. घरी आला, बिड्या सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत आवाज परत. सगळे म्हणाले, ‘गोळ्या चुकवत असणार.’ अहो, गोळ्या मी स्वतः त्याच्या हातावर ठेवून, त्याने गिळेपर्यंत समोर बसत होते! तिन्ही फायली एकत्र वाचणारं कुणीच नव्हतं. गुंतागुंतीच्या माणसासाठी सेवा आखायची तर इथून सुरुवात करा : एक माणूस, ज्याच्याकडे तिन्ही फायली असतील आणि जो घरी येईल.

धोक्याचं म्हणाल, तर गंभीर मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणावर हात उचलत नाहीत, उलट मार त्यांनाच बसतो. आमच्या गल्लीत दोनदा मोबाइल हिसकावला गेला, तो याचाच.

आता एक समाजसेविका दर पंधरा दिवसांनी घरी येतात. पहिल्या दिवशी चहा यायच्या आधीच वही उघडून त्यांनी त्यालाच विचारलं, “दादा, दिवसाला बिड्या किती?”