बाराच्या भावात

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे, तिथला मी ‘सिस्टिमवाला’. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी, मे महिन्यात पारा 45 ला टेकून सर्व्हरच्या खोलीतला एसी बसला तरी मीच.

एक दिवस सीएंनी शेठजींना सांगितलं की 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटींपर्यंत आहे. शेठजींनी आधी पाणी मागवलं, मग मला बोलावलं. “कोणाचा आधार नंबर मेलवर बाहेर जायला नको. सगळं ऑटोमॅटिक करून टाक.”

मेलच्या सिस्टिममध्ये नियम करायला बसलो. बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये आधार नंबर सापडला की काय करायचं, याला तीन पर्याय : नुसती नोंद, पाठवणाऱ्याला इशारा, किंवा थेट अडवणूक. शहाणा माणूस पहिले पंधरा दिवस नुसती नोंद ठेवतो आणि गंमत बघतो. पण शेठजी खुर्चीमागे उभे होते. मी ‘अडवा’वर टिचकी मारली. काय अडवायचं? सलग बारा आकडे! आधार नंबर ओळखणारी तयार यंत्रणा सिस्टिममध्ये होती, पण स्वतः लिहिलेल्या नियमाची ऐट वेगळी.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता डिस्पॅचचे नाना दारात. “भो, गाडी गेटवर उभी शे! बिल जात नाही!”

सुरतेची गाडी. आणि मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या ई-वे बिलाचा नंबर किती आकडी? बारा. खाली ड्रायव्हरचा मोबाइल, पुढे 91 लावून. तोही बारा. माझ्या नियमाच्या लेखी नाना सकाळपासून शहरभरच्या लोकांचं आधार विकत होते. बिलात गाडीचा नंबर भरला की मुदतीचं घड्याळ सुरू होतं, 200 किलोमीटरला एक दिवस. ड्रायव्हर आमचीच चटई गाडीखाली अंथरून घोरत होता. नानांनी जेवणाच्या सुट्टीत कळण्याची भाकरी आणि ठेचा तसाच ठेवला, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

मग अभ्यास केला (तो आधी करायचा असतो म्हणे). आधारचा शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने ठरतो, त्यामुळे कुठलेही बारा आकडे उचलले तर दहातला एखादाच त्या चाळणीतून जातो. ती चाळणी लावली. शिवाय अट घातली : नंबरच्या जवळपास ‘आधार’ शब्द हवा. आता कोण अडवणार?

नानांनी अडवलं. गेली तीस वर्षं त्यांचं एकच वाक्य ठरलेलं : “सोबतच्या बिलाच्या आधारे माल उतरवून घ्यावा.”

‘आधारे’तला आधार माझ्या नियमाने बरोब्बर पकडला. दहातलं एक बिल पुन्हा गेटवर. तोवर नानांचा माझ्यावरचा विश्वास पार उडालेला. त्यांनी नंबर अक्षरांत लिहायला घेतले, “तीन सात एक...”, आणि सगळे मेल सुखरूप सुरतेला पोचले.

संध्याकाळी हे कसं मांडावं या विचारात शेठजींच्या केबिनबाहेर उभा होतो. एसी बंद, म्हणून दार सताड उघडं. आत शेठजी फोनवर कुणाला तरी खणखणीत आवाजात आधार नंबर सांगत होते. आठ आकडे झाले आणि ते चष्मा शोधायला लागले. उरलेले चार ट्रेमधला चहा ठेवता ठेवता टपरीवरच्या पोऱ्याने सांगितले.