पहिल्याच दिवशी आकडा सांगा

कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, सुरू झाल्यापासून माझ्याकडं येणाऱ्या ज्युनिअर वकिलांचे प्रश्न बदललेत. आधी विचारायचे, "मॅडम, मुंबईला जाऊ का?" आता विचारतात, "सीपीआर हॉस्पिटलजवळ हायकोर्टाशेजारी जागा बघू, का बावड्यातच जिल्हा कोर्टाजवळ ऑफिस टाकू?" १८ ऑगस्ट २०२५ ला जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत हायकोर्टाचं काम सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांचे पक्षकार कोल्हापूरकडं वळले. ज्या तारखेसाठी आमचा माणूस महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायचा, त्या तारखेला आता तो सकाळी गावातून निघून येतो. वकिलांच्या दोन पिढ्यांनी यासाठी आंदोलनं केली. त्याचं फळ नव्या पोरापोरींना मिळतंय, स्वतःचं ऑफिस टाकायची हिंमत त्यांना होतेय, याचा मला फार आनंद आहे.

पण ही मुलं जागेचं विचारतात, भाड्याचं विचारतात, पाटीवर काय लिहू विचारतात. फी कशी सांगायची, हे एकानंही अजून विचारलेलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

आठ वर्षं मी शाहूपुरीत सीनियरांकडं काम केलं. दाव्याचा मसुदा, उलटतपास, सगळं सरांनी हाताला धरून शिकवलं. पैशाचं बोलणं मात्र बाहेरच्या खोलीत कारकून करायचे. त्यामुळं लक्ष्मीपुरीत दोन खोल्या घेऊन बसले तेव्हा मला कायदा येत होता, आकडा सांगता येत नव्हता. त्यात पहिले पक्षकार सगळे ओळखीचे. मावशीच्या शेजारचे, भावाच्या तालमीतले, आईच्या माहेरचे. "फीचं काय?" असं कुणी विचारलंच, तर मी म्हणायची, "बघू हो नंतर, घरचंच काम आहे."

असाच एक वाटपाचा दावा होता. अडीच वर्षं चालवला. मनाईचा अर्ज मंजूर करून घेतला, साक्षीपुराव्यापर्यंत आणला. मध्ये मिळालं ते टायपिंग आणि झेरॉक्सला पुरलं. एके दिवशी ते गृहस्थ आले आणि म्हणाले, कागद द्या, दुसरा वकील बघितलाय. मी फी मागितली, तर म्हणाले, "तुम्ही कधी आकडा बोललाच नाही की." राग आला, रात्रभर झोप नाही. सकाळी कागद बांधून दिले आणि नव्या वकिलाच्या वकीलपत्राला ना-हरकतही लिहून दिली. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवायचा अधिकार वकिलाला नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००० सालीच स्पष्ट केलंय. आणि ते बरोबरच आहे. माणसाची जमीन त्या कागदांत असते.

या धंद्याच्या चौकटी नीट बघा. जाहिरात करता येत नाही. निकालावर टक्केवारी ठरवता येत नाही, बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमात त्याला मनाई आहे. कागद अडवता येत नाहीत. दावा लावून वसूल करायची तर तीन वर्षांची मुदत, आणि करार तोंडी असेल तर हातात पुरावा काय? म्हणजे फीबद्दल मोकळेपणानं बोलायची खरी जागा एकच, पहिली बैठक. ती गेली की पुढं नुसता संकोच उरतो, दोन्हीकडं.

दोन्हीकडं, हे मला कागल तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शिकवलं. बांधाचा वाद होता. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा सगळं नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी सवयीनं म्हटलं, "बघू नंतर, काका." ते उठलेच नाहीत. म्हणाले, "आसं नगं मॅडम. आकडा सांगा. आकडा कळला म्हंजे उसाच्या बिलातनं तेवढं बाजूला काढता येतंय. न्हाई कळला तर परत्येक तारखेला पोटात गोळा येतोय, आज किती मागत्यात म्हणून."

तोवर मला वाटायचं, फी न सांगणं म्हणजे माया. त्या माणसाच्या बाजूनं बघितल्यावर कळलं, ती माया नव्हतीच. मी माझी अडचण त्याच्या डोक्यावर टाकत होते. घरी बायको-मुलांना काय सांगायचं, सोसायटीचं कर्ज आधी फेडायचं की वकिलाला द्यायचं, हे त्याला ठरवताच येत नव्हतं.

त्या दिवसापासून एका पानावर लिहून देते, साध्या मराठीत. दावा दाखल करण्याचे किती, मनाईच्या अर्जाचे किती, साक्षीपुरावा आणि युक्तिवादाचे किती. कोर्ट फी, नकला, टायपिंग वेगळं. अपील या फीत धरलेलं नाही, आणि त्याची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस, हेही त्याच पानावर. हप्ते पगारदाराला तीन-तीन महिन्यांनी, शेतकऱ्याला कारखान्याचं बिल जमा होईल तसे. खाली दोघांच्या सह्या. पैसे मिळाले की पावती, शंभर रुपये असले तरी.

काही पाहुणे तुटले. दोघं-तिघं अजून लग्नात भेटले तर तोंड फिरवतात. त्याचं वाईट वाटतं, पण पान देणं सोडलेलं नाही.

ज्याला परवडतच नाही त्याचं काय? त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं पाठवा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे गावात अजून कित्येकांना माहीत नाही. किंवा स्वतः फुकट चालवा. मीही चालवते. पण तसं त्याच पानावर लिहा, म्हणजे तो माणूस प्रत्येक तारखेला मान खाली घालून येणार नाही.

आणखी एक. ऑफिस टाकलं की लवकरच तुमच्या हाताखाली कुणीतरी येईल. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला महिन्याला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. सक्ती नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी विषयच निघत नाही. माझ्याकडं राधानगरीकडची एक मुलगी आहे, घराण्यातली पहिली वकील. खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास, सगळं तिला त्या पैशांतून भागवायचं असतं. मी पक्षकारापुढं आकडा गिळला, तर एक तारखेला तिच्यापुढं काय बोलू? वडील वकील नसलेली पोरं दोन-तीन वर्षांत काळा कोट ठेवून नोकरीला लागतात, ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे.

ज्यांना माझ्याकडचं फीचं पान नमुना म्हणून हवंय, त्यांनी संध्याकाळी सहानंतर ऑफिसला या. कोरी प्रत देते, तुमच्या कामाप्रमाणं बदलून घ्या. येताना तुमच्या हातातल्या एका प्रकरणाचे कागद आणा, पहिला आकडा आपण बसून लिहू.